अकराच्या गोळ्यातली शेवंताबाई

माझं काम नेमकं काय, हे माझ्या आईला अजून नीट सांगता येत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी विचारलंच तर ती म्हणते, "मोबाईलमधल्या नकाशावर बोट ठेवलं की काय व्हायचं, ते आमची लेक ठरवते." बायका मान डोलावतात आणि वाण घेऊन पुढं सरकतात. पूर्वी मला याचा राग यायचा. एवढं शिकले, पुण्यात इतकी वर्षं काढली, मग जालन्यात परत येऊन स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं, आणि आई त्याचं एका वाक्यात पोतेरं करते! आता मात्र दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा म्हटल्यावर मी तासभर कागद खराब केले आणि लक्षात आलं, की आईचं वाक्य तंतोतंत बरोबर आहे.

तर नकाशावर बोट ठेवलं की काय होतं, ते सांगते. नकाशात जी लाल खूण दिसते तिला आम्ही मार्कर म्हणतो, लोक पिन म्हणतात. लोकांचाच शब्द बरा. समजा जिल्ह्यातली सगळी किराणा दुकानं पिना लावून नकाशावर दाखवली, तर जिल्हा दिसणारच नाही, नुसत्या पिना दिसतील. म्हणून जवळजवळच्या पिना गोळा करून त्यांच्या जागी एक गोळा काढायचा आणि त्यावर आकडा टाकायचा. गोळ्यावर टिचकी मारली की नकाशा जवळ येतो, मोठ्या गोळ्यातून छोटे गोळे निघतात, आणि असं करत करत शेवटी एकटी पिन हाती लागते. पिनेवर टिचकी मारली की नाव आणि माहिती असलेली चिठ्ठी उघडते. मोकळ्या जागेवर मारली की ती चिठ्ठी मिटते. झालं. एवढ्यावर माझं घर चाललं.

यात अवघड काय, असं तुम्ही म्हणाल. अवघड आहे ते बोट. गोळा संगणकाचा असतो, बोट माणसाचं असतं. कुणाचं बोट ओलं, कुणाचं चुन्याचं, कुणाचं नांगराच्या रुमण्यानं घट्टे पडलेलं. पुण्यातली पोरं नखाच्या टोकानं टिचकी मारतात, आपल्याकडचे शेतकरी अंगठा असा दाबतात की कागदावर सही घ्यावी. माणसाला एक हवं असतं आणि अंगठ्याखाली चार पिना येतात. मग त्यातली त्याला कुठली हवी होती, हे ओळखायचं म्हणजे माझा धंदा. इतक्या वर्षांत लाखभर टिचक्या तरी नजरेखालून गेल्या असतील. त्यातून एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकते. मुद्दाम मारलेली टिचकी आणि घसरलेलं बोट यांत गल्लत होत नाही. घसरलेलं बोट लगेच मागं फिरतं. चिठ्ठी उघडते न उघडते तोच मिटते. हे ध्यानात असू द्या, पुढं लागणार आहे.

आकड्यांनी मला बराच काळ छळलं. अंकुशनगरच्या बाजूला उसाची वाहतूक करणाऱ्या एका ठेकेदाराला आम्ही अॅप करून दिलं होतं. कुठला ट्रॅक्टर कुठं आहे, ते शेतकऱ्याला घरबसल्या दिसावं, इतकाच हेतू. आठवड्याभरात एका शेतकऱ्याचा फोन आला. आवाज चांगलाच तापलेला.

"मॅडम, तुमच्यात वशिला चालतो का?"

"कसला वशिला?"

"सकाळी माझा नंबर तेवीस होता. मी मोठं करून करून नऊवर आणला. आता जरा बोट लागलं आन परत तेवीस! मधी कोन घुसलं?"

मला उलगडा व्हायला वेळ लागला. गोळ्यावरचा तेवीस म्हणजे तेवीस ट्रॅक्टर. त्यांनी तो स्वतःचा ऊसतोडीचा नंबर समजला होता. नकाशा जवळ घेतला की गोळा विभागतो आणि आकडा कमी होतो, म्हणून हे गृहस्थ बांधावर बसून सकाळपासून नकाशा मोठा करत होते, नंबर लावायला. त्यांच्या शेजाऱ्यानं तर दोनवर आणला होता आणि कोयते धुवून ठेवले होते. मी लगेच आकड्यापुढं 'ट्रॅक्टर' असा शब्द घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "तेवीस ट्रॅक्टर कशाला पाठवून राह्यले? माझा ऊस दोनच एकर हाय!"

असं हे काम. नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, बिघडलं तर थेट माझ्या नावानं शंख. केलेली अॅपंही टिकत नाहीत. वर्षा-दोन वर्षांत फोन बदलतात, ठेकेदार बदलतात, आणि जिच्यासाठी डोळे फोडून घेतले ती वस्तू कुठंच उरत नाही. सुताराला निदान आपण केलेला दरवाजा येता-जाता दिसतो. याची खंत आहे, खोटं कशाला बोलू? पण शेवंताबाईची गोष्ट आठवली की ती खंत पार पळून जाते, म्हणून तीच आज सविस्तर सांगते.

परतूर आणि घनसावंगीकडच्या मेंढपाळांचं एक छोटं मंडळ आहे. त्यांना अॅप हवं होतं, ते रानात मेंढरं बसवण्यासाठी. शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. पिकं निघाली की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो आणि त्याचा कळप काही रात्री आपल्या मोकळ्या रानात मुक्कामाला ठेवतो. लेंड्यांचं आणि मुताचं खत जमिनीला मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं, मेंढरांना उरलेल्या काडी-कुटाराचा चारा मिळतो. मेंढरं, घोडं, कुत्री, कोंबड्या आणि माणसं असं जे फिरतं बिऱ्हाड, त्याला ही मंडळी वाडा म्हणतात. "आमचा वाडा आष्टीच्या अलीकडं हाय," असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं दिंडीदरवाजा आला होता. प्रत्यक्षात चार काठ्या, वाघर नावाची जाळी आणि तीन दगडांची चूल.

अॅप साधं होतं. प्रत्येक वाड्याच्या नावाची एक पिन. फोन दुपारी एकदा आपण कुठं आहोत ते कळवणार, पिन तिथं जाऊन बसणार. शेतकऱ्यानं जवळची पिन बघायची, टिचकी मारायची, चिठ्ठीतलं 'फोन लावा' दाबायचं. मंडळानं नारळ फोडला, पेढे वाटले. मी माझं नेहमीचं समाधान घेऊन दुसऱ्या कामाला लागले.

आणि एका सकाळी शेवंताबाई जालन्याच्या ऑफिसात आली. आष्टीहून पहिल्या एसटीनं. पस्तिशीची असेल. उंच, काळीसावळी, कमरेला मोबाईलची कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आज काही तरी सोक्षमोक्ष लावूनच परत जायचं. खुर्ची दिली तर टेकली नाही.

"नकाशावालं काम तुम्हीच केलं का, ताई?"

"मीच. काय झालं?"

"माझा फोन वाजंना."

मी फोन हातात घेऊन पाहिला. चांगला वाजत होता. तिनं कपाळावर हात मारला. "तसं न्हाई वो! शेतकऱ्याचा फोन येईना. सगळ्यायला येऊन राह्यले, मलाच न्हाई."

मग चहा आला, ती बसली, आणि सगळं सांगितलं. तिचं लग्न झालं ते थोरल्या दिराच्या, दगडूबाच्या वाड्यात. दगडूबा म्हणजे त्या पट्ट्यातलं मोठं नाव. मेंढरं बसवायची म्हटलं की शेतकऱ्याच्या तोंडी पहिलं तेच. वाटही तेच ठरवणार, मुक्कामही तेच ठरवणार. शेवंताबाईच्या वाट्याची मेंढरं त्याच मोठ्या कळपात चालायची. यंदा तिनं आपली मेंढरं वेगळी काढली होती.

"का?" मी विचारलं.

"कोणत्या रानात जायचं, कोणत्या वाटेनं जायचं, हे एकदा तरी आपल्याला ठरवता यावं म्हणून. दुसरं काई न्हाई. भांडण न्हाई, तंटा न्हाई. पर थोरले भाऊजी म्हणले, होळीच्या आत तिच्या नावावर एक तरी रान मिळालं तर मेंढरं तिची वेगळी. न्हाई मिळालं तर बिलकुल नाटक न करता परत एका कळपात."

"असं तुम्हाला म्हणाले?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "मला कसं म्हणतील? थोरल्या दिरासंगं बोलत असतेत का? ते आमच्या मालकायला म्हणले, मालक मला म्हणले."

तिचा नवरा भगवान. लग्न झाल्यापासून दगडूबा आणि शेवंताबाई यांच्यात एका अक्षराची देवाणघेवाण नव्हती. तशी रीतच. जे बोलायचं ते भगवानमार्फत. दोघं एका चुलीपाशी असली तरी दगडूबा म्हणणार, "भगवान, तिला सांग, भाकर टाक," आणि ती म्हणणार, "सांगा त्यायला, पीठ संपलंय." भगवान बिचारा मधे उभा.

तर होळीच्या आत एक रान. होळी काही लांब नव्हती. मी म्हटलं, दाखवा बरं काय होतंय. तिनं नकाशा उघडला. आष्टीवर एक गोळा होता आणि त्यावर अकरा. तिनं टिचकी मारली, नकाशा जवळ आला. अकराच. परत मारली. रस्ते दिसले, मग गल्ल्या, मग बाजारातले पत्रे दिसायला लागले, आणि आकडा अकराच. शेवटी नकाशा आणखी जवळ येईना, तेव्हा गोळा गेला आणि एक पिन उरली. तिनं त्या पिनेवर अंगठा दाबला. चिठ्ठी उघडली. दगडूबा.

"बघा. कुठूनबी जावा, थोरलेच भेटतेत."

झालं होतं असं, की अकरा पिना अगदी एकाच जागी, एकावर एक बसल्या होत्या. अशा वेळी टिचकी वरच्या पिनेला मिळते, खालच्यांना तिचा पत्ताही लागत नाही. दगडूबांनी नाव सगळ्यात आधी नोंदवलेलं, म्हणून ते वर. शेवंताबाईनं सगळ्यात शेवटी, म्हणून ती तळाला.

"म्हणजे हा गोळा फुटतच नाही," मी स्वतःशीच पुटपुटले.

तिनं चटकन माझ्या हातातून फोन काढून घेतला. "फुटायचं नाव काढू नका, ताई! वाडा फोडला म्हणून आधीच माझ्या नावानं बोंब चालूय. मला काई फोडायचं न्हाई. मला फकत दिसायचंय."

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात गोळा 'उघडतो'. 'फुटतो' म्हणणाऱ्याला सगळ्यांसाठी भजी आणावी लागतात.

पण अकरा वाडे एका जागी आलेच कसे, आणि तेही भर बाजारात? मी डोकं खाजवत होते तेवढ्यात दुपार झाली आणि नकाशात गंमत झाली. आष्टीचा गोळा अकराचा दहा झाला आणि एक पिन टुणकन उडी मारून जालन्यात, थेट आमच्या ऑफिसात येऊन बसली. शेवंताबाईचा अख्खा कळप नकाशाप्रमाणे आता माझ्या टेबलाखाली होता.

"अगंबया," ती खाली वाकून बघत म्हणाली, "इथं कुठून आली?"

मग ती हसायला लागली, मीही हसायला लागले. पिन मेंढरांमागं जात नव्हती, फोनमागं जात होती. एवढं साधं. मी आष्टीतले ते पत्रे पुन्हा मोठे करून तिला दाखवले. हे काय आहे? तिनं एका नजरेत ओळखलं. "हे? कलीमभाईचं दुकान! आमी सगळे तिथं फोन चार्जिंगला लावतो की."

रानात वीज कुठली? मेंढपाळ सकाळी मेंढरं घेऊन निघतात, तेव्हा वाड्यातलं कुणी तरी फोन आष्टीला नेऊन चार्जिंगला ठेवतं आणि संध्याकाळी परत आणतं. मेंढरं दिवसभर माळावर आणि फोन दिवसभर कलीमच्या दुकानात. दुपारी आमचं अॅप विचारणार, कुठं आहेस रे बाबा? फोन इमानदारीत सांगणार, बाजारात.

दोन दिवसांनी मी स्वतःच आष्टीला गेले. असला प्रकार डोळ्यांनी बघायचा सोडतंय कोण? कलीमभाईंनी हसून स्वागत केलं आणि फळीकडं हात केला. "आओ मॅडम, बघून घ्या. ये तुमचे अकरा कळप." फळीवर फोन ओळीनं झोपलेले, प्रत्येकाच्या पाठीला चिकटपट्टी, पट्टीवर नाव. आम्ही बोलत होतो तेवढ्यात पहिला फोन खणखणला. कलीमभाईंनी उचलला. "हां, दगडूबाचाच नंबर हाय. ते रानात हायेत. शाम को लगाव." ठेवला. पुन्हा तोच वाजला. "सबको दगडूबाच पायजेत," ते म्हणाले. "बाकीचे बेचारे नुसते चार्ज होऊन राह्यले."

टोकाच्या फोनवरची पट्टी मी वाचली. 'दगडूबा दोन'. तो शेवंताबाईचा होता.

मला ते फार लागलं. नकाशात ती दगडूबाच्या खाली, फळीवर दगडूबा दोन. अहो, माणसाला नाव असतं!

मी तिथूनच वाड्यावर गेले. सांज होत आली होती. दगडूबा खाटल्यावर बसलेले, भला मोठा फेटा, गालफडं बसलेली, डोळे मिश्किल. माझं स्वागत त्यांनी अगदी मनापासून केलं आणि मग मोठ्यानं म्हणाले, "भगवान, सांग तिला, जालन्याच्या मॅडम आल्यात, चहा ठेव." शेवंताबाई हाताच्या अंतरावर होती. भगवाननं तिला सांगितलं. तिनं भगवानला सांगितलं, की चहा कधीच ठेवलाय. भगवाननं ते दगडूबांना पोचवलं. मी ओठ चावून हसू आवरलं.

फोनचं कोडं सुटलं की काम संपलं, असं मला वाटत होतं. दुपारी आपोआप जागा घ्यायची नाही, संध्याकाळी मुक्काम पडला की माणसानं स्वतः बटण दाबायचं. दगडूबांना ते पटलं, पण त्यांनी एक पाचर मारली. "नेमकी जागा दावू नका. चोरं टपूनच असतेत. गावाचं शिवार तेवढं दावा." बरोबर होतं त्यांचं. पण मग एका शिवारातले सगळे वाडे नकाशावर पुन्हा एकाच ठिपक्यावर येणार. आणि शेवंताबाईचा वाडा तर दगडूबांच्या शेजारीच होता, मधे फक्त एक बांध.

मी तिला हळूच म्हटलं, "तुमचा मुक्काम पुढच्या शिवारात टाकता येईल का? म्हणजे पिन वेगळी दिसेल."

"तुमच्या गोळ्यासाठी मी एकटीनं तिकडं निजू व्हय?" ती म्हणाली. "लांडगा हाय, चोर हायेत. रातच्याला कुत्री एकमेकायच्या भरवशावर भुकतेत. वाडे जवळच पायजेत, ताई."

तेवढ्यात मेंढरं आली. दोन्ही कळप एकाच वाटेनं, एकमेकांत पार मिसळलेले, सगळीकडं धूळच धूळ. मला वाटलं, आता ही वेगळी कशी करणार? शेवंताबाई बांधावर चढली, तोंडाला हात लावला आणि तिनं हाळी घातली. लांब, शेवटाला वर जाणारी. त्या गर्दीतून तिची मेंढरं माना वर करून एकेक बाहेर पडायला लागली आणि तिच्या बाजूला येऊन उभी राहिली. पलीकडून दगडूबांनी आपली हाळी घातली, उरलेली तिकडं वळली. कुणी कुणाला ढकललं नाही, कुणी कुणाच्या खाली दबलं नाही. मी तिथंच ठरवलं, की हिची पिन वर आणल्याशिवाय गप्प बसायचं नाही. धुळीचं निमित्त करून मी डोळे पुसले.

उपाय आमच्या धंद्यात जुनाच आहे, फक्त वेळखाऊ, म्हणून सहसा कुणी वाटेला जात नाही. गोळा शेवटपर्यंत उघडला नाही, तर टिचकी वरच्या पिनेला द्यायचीच नाही. त्याऐवजी सगळ्या पिना मधल्या ठिपक्याभोवती गोल पसरायच्या, आणि प्रत्येकीपासून ठिपक्यापर्यंत एक बारीक रेघ ठेवायची, म्हणजे मुक्काम एकच आहे हे कळतं. प्रत्येक पिनेखाली नाव. दोन पिनांत एवढी जागा, की घट्टे पडलेला अंगठाही एकीवरच पडावा. ते अंतर ठरवायला मी ऑफिसातल्या सगळ्यांना अंगठ्याला कणीक लावून टिचक्या मारायला लावल्या. आमचा चहावालाही त्यातून सुटला नाही.

दगडूबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "मंग मी कुठं?"

"सगळे गोलात. गोलात वर-खाली काही नसतं."

"असं कसं? घड्याळ गोलच असतंय, त्याच्यातबी बारा वरच असतेत."

मी थोरल्यांना बाराच्या जागेवर बसवलं. मान त्यांचा, त्यात माझं काय जातंय? शेवंताबाईची पिन आली चारच्या जागेवर, उजव्या अंगठ्याला अगदी सोयीची. ही मात्र माझी लबाडी, आणि मला तिचा अभिमान आहे.

होळी तोंडावर आली होती. नवीन अॅप सगळ्यांच्या फोनमध्ये घालायला मी पुन्हा वाड्यावर गेले. वाटेत कलीमभाईंकडं डोकावले, तर त्यांनी मला थांबवून टोकाच्या जागेवर बोट ठेवलं. 'दगडूबा दोन' गेलं होतं, फळीवर नवी पट्टी होती, 'शेवंताबाई'. वाड्यावर सगळे जमले होते. शेवंताबाई बांधापलीकडं मेंढराच्या पायातला काटा काढत बसली होती, माझ्याकडं बघायचं टाळत. तिला अजून एकही फोन आला नव्हता, आणि दिवस संपत आले होते. मी एकेकाचा फोन घेऊन अॅप घालायला लागले.

"दावा बरं, काय केलं ते," दगडूबा म्हणाले. मी त्यांचाच फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी नाकावर चष्मा चढवला. गोळ्यावर अंगठा ठेवला. पिना गोल उघडल्या, लोक पुढं वाकले, कुणी तरी "आरं तिच्यायला" म्हणालं. दगडूबा बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग अंगठा पुन्हा खाली आला. मग आणखी एकदा.

बांधापलीकडं शेवंताबाईच्या कमरेची पिशवी वाजायला लागली.

ती दचकून उभी राहिली. पिशवीची गाठ सुटेना. सुटली. अनोळखी नंबर होता. दगडूबांचा नंबर तिच्या फोनमध्ये असण्याचं कारणच नव्हतं. तिनं फोन कानाला लावला आणि रीतीनं पाठ फिरवली.

"हॅलो. कोन बोलून राह्यलंय?"

दगडूबांनीही तिच्याकडं पाठ केली. "दगडू बोलतो. शेवंताबाई का?"

सगळा वाडा बांधाकडं वळला. कुत्रीसुद्धा.

"हां," ती म्हणाली. "बोला."

"रानात मेंढरं बसवायची व्हती."

"तुमच्या घरची मेंढरं असून?"

"माझी मेंढरं लोकायच्या रानात गुतलीत. दरसाल तेच. माझं रान तसंच राहून जातंय. माझ्या रानाला माझंच मेंढरू कधी लागलं न्हाई."

दोघांच्या मधे भगवान उभा होता, सवयीनं तोंड उघडून, पण त्याला पोचवायला काही उरलंच नव्हतं.

"रान कुठं हाय?" शेवंताबाईनं विचारलं. नवरी म्हणून ज्या रानातल्या विहिरीवर ती पहिल्यांदा पाणी भरायला गेली होती, त्या रानाचा पत्ता. आणि दगडूबांनी तो सांगितला, अगदी परक्या माणसाला सांगावा तसा. जांब समर्थची वाट धरायची, ओढा लागला की डावीकडं वळायचं, दोन लिंबं, त्याच्या मागं विहीर. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बराबर. उद्या येते. पर वाट मी ठरवीन."

"ठरवा," दगडूबा म्हणाले.

फोन बंद झाला. शेवंताबाईनं तो पिशवीत ठेवला, गाठ मारली, आणि मग बांधावर चढून तिनं अशी हाळी घातली, की मेंढरं चरायची थांबून तिच्याकडं बघायला लागली. येण्याचं काही कारण नव्हतं, तरी सगळी आली.

दगडूबांनी चष्मा काढला, फोन माझ्या हातात दिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बोट घसरलं, मॅडम. तुमच्या काचेवर अंगठा टिकतच न्हाई."

"होतं असं," मी म्हणाले.

आजवर हे कुणाला बोलले नाही, आता लिहिते. गोळ्यावर एक टिचकी, चारच्या पिनेवर एक, 'फोन लावा'वर एक. घसरलेलं बोट एकदा घसरतं, दगडूबा. तीनदा नाही.